पोटातलं वाक्य

बाई, आज माझ्या वर्गात एका मुलीनं तुमचा आवाज काढला. मुद्दाम नव्हे. तुम्ही कोण हे तिला ठाऊकही नाही, तिचा जन्मच तुम्ही गेल्यानंतरचा. शनिवारचा शेवटचा तास होता, खिडकीतून आलेलं धुकं पहिल्या बाकापर्यंत पोचलं होतं आणि मी तुमचाच खेळ घेत होते. वाक्य दिलं होतं साधंच, "चहा ठेवते हं मी." पोटात काय ठेवायचं ते तिचं तिनं ठरवायचं. ती उठली, हातातलं शिवण न सोडता दोन पावलं पुढं आली आणि ते चार शब्द बोलली. त्या "हं" वर ती तुमच्यासारखीच अडखळली हो! माझ्या हातातला खडू खाली पडला. मुली ओरडायला लागल्या, "बाई, ओळखा ना, पोटात काय?" आणि वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य ऐकून जिनं भर वर्गात ओळखलं होतं, ती मी म्हणाले, "घंटा झाली, घरी जा." घंटेला अजून दहा मिनिटं होती. मुली गेल्या, मी शाळेच्या मागच्या खोलीत आले, दार लावलं आणि हे लिहायला बसले. खोली तीच, तुमचीच. नोकरीबरोबर मिळते ती. शेगडीसुद्धा त्याच कोपऱ्यात आहे. रागावू नका म्हणणार होते, पण रागावलात तर बरंच होईल. न रागावता वीस वर्षं तुम्ही माझ्या मागं उभ्या आहात, ते जास्त जड जातं.

मी कान्ह्याची. घरी भातशेती, पण गावात मुलींना चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून मला लोणावळ्याला मावशीकडे ठेवलेलं. मावशीचा नवरा घाटात गाडीला मागून लावायच्या इंजिनावर फायरमन होता. वर्गातल्या बाकीच्या मुली डॉक्टरांच्या, स्टेशनमास्तरांच्या, बंगलेवाल्यांच्या. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "पाटी कुठं आहे गं?" मी उभी राहून म्हणाले, "न्हाई आनली बाई, मावशीकडं ऱ्हायली." झालं! फिदीफिदी सुरू. पांढरं पातळ, हातात काही नाही, कपाळावर काही नाही, अशा तुम्ही खुर्चीतून उठलात आणि म्हणालात, "हसताय कशाला? तिचं 'न्हाई' ऐका जरा. तुम्ही सगळ्या 'नाही' म्हणता तेव्हा आई दोनदा विचारते. हिला कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही." माझ्या बोलीला चांगलं म्हणणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वासरासारखी तुमच्या मागं मागं. तुमची छत्री मी धरायची, तुमचा फळा मी पुसायचा, दुसरीनं पुसला तर मी तिच्याशी आठवडाभर बोलायची नाही.

नाटकाचा तास असा काही शाळेत नव्हताच. हजेरीवर लिहिलेलं असायचं 'शिवण'. वर्षअखेरीच्या संमेलनात मुलींनी नाटक करायचं, तेही फक्त बायकांपुढं, एवढी परवानगी तुम्ही शाळेच्या कमिटीकडून कशीबशी काढली होती; पण त्याचा वर्ग घ्यायला कोण देतंय! म्हणून मग शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही सगळ्या मांडीवर कापड, हातात सुई घेऊन गोल बसायचो. प्रवेश करायचा तोही सुई चालू ठेवून. खिडकीतून कोणी पाहिलं तर शिवणच दिसावं. "हात थांबला की चोरी पकडली," असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा वाटायचं ही कमिटीची भीती. आता शिकवायला लागल्यावर कळलं की ते अभिनयाबद्दल होतं. माणूस तोंडानं काहीही बोलेल, पोटातलं बाहेर येतं ते हातातून.

पहिल्याच तासाला तुम्ही विचारलंत, "घरातून निघताना काय म्हणता?" आम्ही एका सुरात, "येते!" "आणि करता काय?" कोणीतरी चाचरत म्हणालं, "जातो, बाई." "म्हणजे रोज सकाळी उंबऱ्यात उभ्या राहून आईच्या तोंडावर खोटं बोलता." आमची तोंडं पडली. मग तुम्ही हसलात. "अगं खोटं नाही ते. 'जाते' म्हटलं की मागं राहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. म्हणून ओठात 'येते'. पोटात जाणं. आणि त्याच्याही खाली काय? काळजी करू नकोस, मी आहे. हे सगळं एका शब्दात तुम्ही रोज करता. नाटक म्हणजे एवढंच. लिहिलेलं पाठ करायला पोपटही शिकतो."

मग आला तो डबा. चहाचा, पत्र्याचा, झाकणाचा रंग उडालेला. जुन्या वह्यांचे कोरे समास फाडून त्यावर तुम्ही एकेक वाक्य लिहायचात, घडी घालून डब्यात टाकायचात. जिनं जी चिठ्ठी उचलली ते तिचं पोटातलं वाक्य. ते उच्चारायचं नाही. समोरचीशी बोलायचं फक्त भाताबद्दल, धुण्याबद्दल, गाईच्या दुधाबद्दल, जे सुचेल ते, आयत्या वेळी. इतर मुली ऐकत राहायच्या आणि मग सगळ्या मिळून विचारायच्या, "पोटात काय?" ओळखलं तर ठीक, नाही ओळखलं तरी शेवटी ते वाक्य आपण मोठ्यानं बोलून मोकळं व्हायचं. पोटात ठेवून घरी न्यायचं नाही, हा तुमचा नियम. चिठ्ठी मात्र जिची तिनं ठेवून घ्यायची.

मला चौथ्या खेपेला आली ती चिठ्ठी अजून तोंडपाठ आहे: "मला या घरात राहायचं नाही." समोर कमिटीतल्या आबांची नात बसली होती. आबा म्हणजे पेन्शनीत निघालेले मामलेदार, तुंगार्लीला बंगला, शाळेत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. नात सासू झाली, मी सून, दोघी तांदूळ निवडतोय. ती म्हणाली, "आटप लवकर, आधण आलंय." आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, "खडे लय बारीक हायत, आत्या. डोळ्यांना दिसत न्हाईत. दाताखालीच येत्यात." कोणी "पोटात काय" विचारलंच नाही. तुम्ही उठून खिडकीशी गेलात, पाठ करून उभ्या राहिलात, मग वळून एवढंच म्हणालात, "हात थांबला नाही तुझा. शाबास." त्या शाबासकीवर मी महिनाभर जेवले असेन. चिठ्ठी शिवणाच्या पिशवीत ठेवली. तिथं आधीच्या तीन होत्या: "भूक लागली आहे", "मला घरी न्या" आणि "तू माझी मैत्रीण हो".

मग तो शनिवार. तुम्हाला सकाळी पत्र आलं होतं, दिराचं, वराळ्याहून. ते आम्हाला कुठून कळणार? आम्ही आपल्या तुमच्या मागं लागलो, "बाई, आज तुम्ही करा, तुम्ही करा!" तुम्ही नको नको म्हणत उठलात. चिठ्ठी उचललीत, वाचलीही नाहीत बहुतेक. "चहा ठेवते हं मी," म्हणालात आणि त्या "हं"वर अडखळलात. मुली अंदाज करायला लागल्या: भूक लागली, पाहुणे आले, दूध नासलं. आणि मी, शहाणी, उभी राहून म्हणाले, "बाईंना रडायचंय. आन् रडायला दुसरी खोली न्हाई." तुमचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा पाहून तरी गप्प बसावं की नाही? मी वर हसले, शाबासकीची वाट बघत. तुम्ही म्हणालात, "उभी राहा. उभीच राहा घंटेपर्यंत. सगळं कळलं म्हणून सगळं बोलायचं नसतं. ही हुशारी नव्हे, आगाऊपणा आहे." मी उभी राहिले. हातात सुई होती, ती बोटात खुपसून घेतली, रक्त आलं, तुम्हाला दिसावं म्हणून बोट पुढं धरलं. तुम्ही पाहिलं नाहीत.

दुसऱ्या शनिवारी संमेलनाच्या नाटकातल्या भूमिका सांगितल्यात. मुख्य काम आबांच्या नातीला. मला पडद्यामागं बसून वाक्यं पुरवायची. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! घरी जाऊन पाटी आपटली. मावशीनं माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि उलट मलाच फैलावर घेतलं, "बाईचं काय चुकलं गं? भरल्या डोळ्यांत बोट घालतीस आन् वर काम मागतीस? जा, पाया पड तिच्या." मी गेले नाही. तुम्हीच बोलावलंत, याच खोलीत. शेगडीवर आधण होतं. मला कपात चहा दिलात, मावशीकडं पोरांना चहा मिळायचा नाही. "पडद्यामागं तुला का ठेवलं, कळलं का?" असं विचारलंत. मला कळलं होतं. कोण कुठं अडखळणार हे तिच्या आधी मला ऐकू यायचं, म्हणून. आणि माझ्यावरचा तुमचा राग त्यात मुळीच नव्हता, हेही दिसत होतं. मी म्हणाले, "न्हाई." तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. चहा तसाच ठेवून मी निघून आले.

त्याच आठवड्यात आबांच्या नातीला बघायला पुण्याची मंडळी आली. पोहे झाले, प्रश्न झाले, नातीनं शिवणाचे नमुने दाखवले. उठताना मुलाचे वडील म्हणाले, "मुलगी छान आहे हो. पत्रिका बघून कळवतो." आणि ही बया भर बैठकीत, लाडात, म्हणते कशी, "पोटात काय?" मंडळी सटपटली. मुलाच्या धाकट्या भावाला हसू आवरेना, त्यानं सांगून टाकलं की दादाला ठेंगणी मुलगी नको आहे. पुढचं काय विचारता! सोमवारी वर्गात हे ऐकून आम्ही हसून हसून लोळलो, तुम्हीसुद्धा पदर तोंडाला लावून हसलात. मग एकदम थांबलात. "ती हे शब्द कुठं शिकली, असं कोणी विचारलं का?" म्हणालात. नातीला त्या दिवसापासून शाळेत धाडलं नव्हतं, आम्हाला हकीकत तिच्या शेजारणीकडून कळलेली.

त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर आबा फाटकापाशी उभे. भुरभुर पाऊस होता. त्यांनी आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली. एवढा मोठा माणूस, कान्ह्याच्या पोरीच्या डोक्यावर छत्री! "काय गं बाळ, बाई बऱ्या आहेत ना तुमच्या?" मी म्हणाले, "व्हय." "छान शिकवतात म्हणे. शिवण काय काय झालं?" "धावदोरा, उलटी टीप." "वा! आणि बोलायला काय शिकवतात? आम्हाला कमिटीत त्यांचं कौतुक करायचंय, म्हणून विचारतो हो." मी सांगितलं, बाई म्हणतात आपण रोज उंबऱ्यात खोटं बोलतो. आबा हसले. "अस्सं! काही लिहूनबिहून देतात का? असलं एखादं तर दाखव की." मी तेरा वर्षांची. वडीलधारं माणूस गोड बोललं, कौतुक करतो म्हणालं, मला खरं वाटलं. पिशवीत हात घातला, हाताला आली ती चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि छत्री माझ्या डोक्यावरून काढून घेतली.

पुढचं मला मावशीकडून कळलं, तिला शिपायाच्या बायकोकडून. चिठ्ठी टाचणीनं कागदाला लावून कमिटीपुढं ठेवली होती. चांगल्या घरच्या, उद्या सासरी जायच्या मुलींना बाई हे शिकवतात: मला या घरात राहायचं नाही. तुम्हाला विचारलं, ही कोणत्या मुलीची? तुम्ही म्हणालात, "अक्षर माझं आहे. वाक्यही माझंच समजा." नोकरी त्याच दिवशी गेली, नोकरीबरोबर खोली. माहेरी कोणी उरलं नव्हतं. राहिलं वराळ्याचं दिराचं घर. तिथून तुम्ही कशा निघाला होतात, कोणाशी भांडून पुण्याला शिकलात, हे अख्ख्या लोणावळ्याला माहीत होतं. तिथंच परत जायचं.

स्टेशनवर कोणा मुलीला येऊ दिलं नाही. मी इंजिनांच्या शेडमध्ये मावशीच्या नवऱ्याचा जेवणाचा डबा पोचवायच्या निमित्तानं गेले. तुम्ही ट्रंकेवर बसला होतात, दीर तिकिटं काढायला गेलेला. मला पाहून तुम्ही उठलात. मी रडेन, सांगेन, पाय धरेन असं घरातून ठरवून निघाले होते. तुम्ही चहाचा तो डबा माझ्या हातात दिलात. "तुझ्याकडे राहू दे. तुला पोटातली वाक्यं वाचता येतात." गाडी आली. दिरानं हाक मारली. पायरीवर पाय ठेवून तुम्ही वळलात आणि म्हणालात, "येते हं." त्यावर "या" म्हणायचं असतं. शत्रूलाही म्हणतो आपण. माझ्या तोंडून निघालं नाही, बाई. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी डबा पोटाशी धरून उभी होते. घरी येऊन झाकण उघडलं. सगळ्यात वर माझी चिठ्ठी होती, टाचणीची दोन भोकं पडलेली. जिची तिला परत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला डबा दिलात, आणि "येते" म्हणालात. त्या "येते"च्या पोटात काय होतं, हे मला आजतागायत ओळखता आलेलं नाही. क्षमा होती? शिक्षा होती? की वर्गातल्यासारखं, काळजी करू नकोस, मी आहे? कारण आहातच की तुम्ही. या खोलीत आधण ठेवलं की मागं उभ्या असता. मी वळून बघत नाही.

वर्षाच्या आत तुमची बातमी आली, पाय घसरून विहिरीत पडल्या. शाळेत सगळ्यांनी "अरेरे" केलं. पाय घसरला, पाय घसरला. एकीनंही विचारलं नाही, पोटात काय. मीही विचारलं नाही, आणि विचारायला शिकवलं होतं तुम्हीच. नोकरीला लागल्यावर एकदा वराळ्याला गेले. विहिरीवर एक म्हातारी धुणं धूत होती, तिला विचारलं. "कोन, मास्तरीणबाई? व्हय, व्हत्या की. पाय सरकला म्हनं त्यांचा." त्या "म्हनं"वर मी तिच्या शेजारच्या दगडावर बसले. "लय गुणाची बाई. येकटीच वट्ट्यावर तांदूळ निवडत बसायची आन् सोताशी बोलायची." मी विचारलं, काय बोलायच्या? म्हातारी म्हणाली, "काय न्हाई वो. आमच्यावानी बोलायची. खडे लय बारीक हायत, डोळ्यांना दिसत न्हाईत, आसं." ती हसली. मी उठून नीट रस्त्याला लागले.

सध्या रेशनचा तांदूळ येतो, त्यात खडेच जास्त. रोज निवडते. रोज ऐकते. म्हणून हल्ली भात सोडलाय, भाकरीवर भागवते. शेजारणीला सांगते, पोट बिघडतं. माझं वाक्य होतं ते, बाई, तांदूळ निवडताना सहज सुचलेलं, आणि तुम्ही ते मरेपर्यंत बोलत राहिलात. माझ्या बोलीत. माझ्याच "न्हाई"सकट.

हे पत्र डब्यात जाईल, दुसरीकडं कुठं जाणार? धुकं बंद दाराच्या फटीतूनही येतंय. मघाशी वर्गातून मी पळाले खरी, पण मुलींचा प्रश्न अजून कानात आहे, आणि नियम तुमचाच आहे: वाक्य शेवटी मोठ्यानं बोलून टाकायचं. मी लहान होते, मला आबांचं खोटं कळलं नाही, हाताला आली ती चिठ्ठी दिली, हे ओठातलं. मावशीला हेच सांगितलं, देवापुढं हेच सांगितलं, आणि वर या पत्रातही हेच लिहून बसले. खोडत नाही, राहू दे. पण आबांनी छत्री धरून "बाई बऱ्या आहेत ना" म्हटलं, तेव्हाच मला त्यांच्या पोटातलं अक्षर न अक्षर ऐकू आलं होतं. पिशवीत चार चिठ्ठ्या होत्या. मी एकेक उघडून चारही वाचल्या, आणि तीन परत ठेवल्या.